फ्लोट बॅगचा व्हॉल्व्ह: खोलणं, बदलणं, चिकटवणं

कायाकच्या, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, वरून बंद नावेच्या शेपटाकडे कोंबलेली फ्लोट बॅग (हवा भरायची पिशवी) सकाळी टणक होती आणि दुपारी मऊ पडली, की बहुतेकांचा पहिला संशय कापडावर जातो. मग पिशवीभर भोकं शोधली जातात, दोनचार ठिकाणी ठिगळं लागतात आणि दुसऱ्या दिवशी पिशवी पुन्हा बसलेलीच असते. आमच्या दुरुस्तीच्या बाकावर येणाऱ्या पिशव्यांचा अनुभव उलटा आहे. कापड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. हवा जाते ती व्हॉल्व्हच्या तोंडातून, व्हॉल्व्ह आणि नळीच्या जोडातून, नाहीतर नळी पिशवीला मिळते तिथून.

पिशवीचं काम साधं आहे. नाव उलटून पाणी शिरेल ती जागा तिने आधीच हवेने अडवून ठेवायची. एक लिटर हवा म्हणजे एक किलो पाणी कमी. उताराच्या नद्यांवरच्या मोठ्या कायाकचं आकारमान ३०० लिटरच्या घरात जातं, आणि तशी नाव भरली की काठाला ओढताना चांगल्या चांगल्यांचा घाम निघतो. ती दगडाला आडवी बसली तर पाण्याच्या जोराने घडीही होऊ शकते. त्यामुळे अर्धी बसलेली पिशवी ही किरकोळ गैरसोय म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही.

इथे वर्णन केलेल्या कामात तीन पिशव्या होत्या. कायाकच्या मागच्या भागात मधल्या फोमच्या भिंतीच्या दोन बाजूंना बसणारी विनाइलची (म्हणजे मऊ पीव्हीसीची) जोडी, एकेक साधारण २५ लिटरची. आणि उघड्या कनूच्या, म्हणजे वरून मोकळ्या लांबट नावेच्या टोकाची, युरेथेनचा थर दिलेल्या नायलॉनची एक मोठी. तिन्ही कोलाडला कुंडलिका नदीवर वापरलेल्या, म्हणजे वाळू, ऊन आणि कोकणची दमट हवा असं सगळं सोसलेल्या. दुखणी मात्र तिघींची वेगवेगळी निघाली.

गळती शोधण्याआधी ती खरंच आहे का हे बघावं. तोंडाने फुंकलेली हवा ३४-३५ अंशांची आणि वाफेने भरलेली असते. ती २५ अंशांवर आली की आकसते, शिवाय वाफेतला काही भाग पाणी होऊन पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटतो. दोन्ही मिळून पाचसहा टक्क्यांची घट होते. २५ लिटरच्या पिशवीत जवळपास दीड लिटर. एवढ्याने पिशवी हाताला चक्क मऊ लागते. म्हणून पिशवी फुगवावी, अर्धा तास थांबावं, पुन्हा चार फुंका मारून व्हॉल्व्ह बंद करावा आणि घरात सावलीत ठेवून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तपासावी. सकाळची पिशवी भर दुपारी तपासून काहीच कळत नाही. जोडी असेल तर दोघी शेजारी ठेवाव्यात. तापमान दोघींना सारखंच, त्यामुळे जी जास्त बसली ती दोषी.

मग साबणाचं पाणी. अर्धा लिटर पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक चमचा पुरतो. फेस काढायचा नाही, नुसतं ढवळायचं. सगळ्यात आधी बंद व्हॉल्व्हचं तोंड पाण्याच्या पेल्यात बुडवून पिशवीवर गुडघा हलकेच दाबावा. बुडबुडे कुठून येतात यावरून पुढचं काम ठरतं. तोंडाच्या मधोमध आले तर आतली बैठक धरत नाही. फिरत्या टोपीच्या कडेने आले तर ओ-रिंग (आतली गोल रबरी कडी) गेली. व्हॉल्व्हची शेपटी नळीत शिरते तिथून आले तर जोड ढिला. पेल्यात काहीच दिसलं नाही तर नळीच्या बुडाशी ब्रशने साबण लावावा, आणि नळी चारी दिशांना वाकवत राहावं. बुडाची चीर नळी सरळ असताना मिटलेली असते, एका विशिष्ट बाजूला वाकवली तरच ती फसफसते. हे न केल्यामुळे ती हमखास नजरेतून सुटते.

पहिल्या पिशवीत बुडबुडे मधोमध होते. अशा पिशव्यांना लांब नळीच्या टोकाला फिरवायचा प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह असतो. टोपी उलटी फिरवली की ती वर सरकते, मधला खुंट मोकळा होतो आणि हवा जायला वाट मिळते. सुलटी फिरवली की टोपीची कड खुंटावर बसते. त्या कडेवर वाळूचा एक कण पुरतो. आणि नेमकं इथेच लोक चूक करतात: हवा जातेय म्हटल्यावर टोपी आणखी जोराने आवळतात. कण मऊ प्लॅस्टिकमध्ये रुततो, बैठकीवर चरा पडतो, आणि जे काम धुऊन झालं असतं तिथे नवा व्हॉल्व्ह लागतो. टोपी पूर्ण उघडून गोड्या पाण्याच्या धारेखाली धरावी, जुन्या मऊ टूथब्रशने आट्यांमधला गाळ काढावा, आणि मग उलट बाजूने हवा यावी म्हणून पिशवी दाबावी. ही पिशवी एवढ्यावरच बरी झाली. नाव उलटी करून वाळू झाडताना व्हॉल्व्हचं तोंड उघडं राहिलं तर हा आजार परत येणार, हे वेगळं सांगायला नको.

ओ-रिंग बदलायची तर जुनीचा आतला व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजावी. मोजमाप सांगितलं की बेअरिंग-ऑइलसीलच्या दुकानात नायट्राइल रबराची रिंग किरकोळीत मिळते. बसवताना सिलिकॉन ग्रीसचं बोट नुसतं फिरवावं. व्हॅसलीन किंवा खोबरेल लावायची सवय इथे सोडावी. रिंग नैसर्गिक रबराची किंवा ईपीडीएम या कृत्रिम रबराची असेल तर पेट्रोलियम जेलीने ती फुगते आणि मऊ पडते, नैसर्गिक रबराला खोबरेलही मानवत नाही. रिंग कशाची आहे हे नुसतं बघून ओळखता येत नाही.

दुसऱ्या पिशवीत दोन दुखणी होती. वर व्हॉल्व्ह नळीतून सुटू लागला होता आणि खाली नळीच्या बुडाला चीर होती. दोन्हींचं मूळ एकच: विनाइल मऊ राहतं ते त्यातल्या प्लॅस्टिसायझरमुळे, आणि उन्हात तापून तापून तो निघून गेला की नळी कडक होते. कडक नळी व्हॉल्व्हच्या शेपटीला आवळून धरत नाही, आणि वाकवली की बुडाशी तडकते.

वरचं काम सोपं. व्हॉल्व्ह ओढून काढू नये, नळीवर उभी चीर देऊन सोडवावा. टोकाकडचा कडक, ताणलेला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर भाग धारदार ब्लेडने काटकोनात कापून टाकावा; कात्रीने कापलं की तोंड चेपतं. शेपटीवरचे कंगोरे नळीच्या आतल्या व्यासापेक्षा सुमारे एक मिलिमीटरने मोठे हवेत. त्याहून कमी असेल तर व्हॉल्व्ह सटकतो, फार जास्त असेल तर नळी काही महिन्यांत उभी फाटते. नळीचं टोक कढत पाण्यात मिनिटभर बुडवावं, उकळत्या नव्हे. साबणाच्या पाण्याचा एक थेंब शेपटीला लावावा आणि व्हॉल्व्ह न फिरवता सरळ आत दाबावा. तेल लावलं तर आत जाताना छान जातो आणि तसाच छान बाहेरही येतो. नळी थंड झाल्यावर कंगोऱ्यांच्या मागच्या खाचेवर नायलॉनची केबल टाय पक्कडीने ओढून घ्यावी आणि तिचं टोक अगदी लगत कापून नखं घासायच्या फाईलने घासावं. ते टोक शेजारच्या पिशवीला टोचतं, आणि मग खरोखरच कापडात भोक सापडतं.

नळी फार आखूड झाली तर? मागच्या पिशवीची नळी बसल्या जागेवरून, निदान कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या पोकळीत हात घालून तोंडापर्यंत यायला हवी. लांबी वाढवायला तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात मिळणारे ठिबकचे जॉइनर उत्तम. १२ मिलिमीटरच्या लॅटरलचा, म्हणजे ठिबकच्या नळीचा, आणि १६ चा, दोन्ही खिशात घेऊन जावे आणि नळीत घालून बघावे. विनाइलच्या नळ्यांची मापं एकसारखी नसतात. दोन्ही बाजूंना केबल टाय हवीच.

बुडाच्या चिरेला गोंद लागतो, आणि गोंदाआधी पिशवी कशाची आहे हे नक्की करावं लागतं. दिसायला विनाइल चकचकीत आणि जाडसर असतं, वास ओळखीचा असतो. युरेथेनच्या नायलॉनला एका बाजूला तरी कापडाची वीण दिसते. पण निव्वळ युरेथेनची फिल्म असलेली पिशवी विनाइलसारखी दिसू शकते. खात्रीचा उपाय तांब्याच्या तारेचा. तार गॅसच्या ज्योतीत लाल होईपर्यंत आणि ज्योतीचा हिरवा रंग जाईपर्यंत तापवावी, पिशवीच्या कडेचा नखाएवढा कपटा तिने टिपावा आणि तार पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत गर्द हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते पीव्हीसी. हिरवी नाही झाली तर युरेथेन धरून चालावं. हे उघड्यावर करावं, धूर घशाला लागतो, आणि सॉल्व्हंटचे डबे जवळपास नकोत.

विनाइलला विनाइल सिमेंट लागतं. एचएच-६६ नावाचं बाहेरून मागवता येतं, राफ्टची दुरुस्ती करणाऱ्यांकडचा दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंदही चालतो. मात्र त्यांच्या कपाटात हायपॅलॉन या कृत्रिम रबराच्या राफ्टसाठीचा गोंद असेल तर तो उचलू नये, तो निओप्रीनच्या (तेही कृत्रिम रबरच) जातीचा असतो. घरगुती सामानातलं जवळजवळ काहीच इथे उपयोगी पडत नाही. पंक्चरवाल्याचं सोल्युशन सायकलच्या रबरी ट्यूबसाठी आहे, विनाइलवरून ते सालीसारखं निघतं. फेविक्विक पकडतो पण काचेसारखा कडक होतो, आणि नळी पहिल्यांदा वाकली की तुटतो. पाणीपाइपाचं सॉल्व्हंट सिमेंट फसवं, कारण तेही पीव्हीसीचंच; पण ते कडक पाइपासाठी आहे, मऊ विनाइलवर वाळलं की त्याच्या कडेशीच नवी चीर जाते. चपलांचा पिवळा गोंद पहिले काही आठवडे झकास धरतो. मग विनाइलमधला प्लॅस्टिसायझर त्यात झिरपतो आणि तो चिकट लगदा होऊन बसतो. एम-सीलबद्दल एवढंच की ते पिशवीवरून काढायला लागणारा वेळ दुरुस्तीपेक्षा जास्त असतो.

चिरेवर नुसता गोंद ओतून भागत नाही, वाकणाऱ्या जागेला बाहेरून आधार लागतो. व्हॉल्व्ह काढलेलाच होता. जुन्या नळीवर घट्ट सरकेल अशा मोठ्या विनाइल नळीचा चार सेंटीमीटरचा तुकडा घेतला. त्याच्या खालच्या दीड सेंटीमीटरला सहा उभ्या चिरा देऊन पाकळ्या केल्या आणि बाहेर उघडल्या. अर्धा मिलिमीटर जाडीच्या विनाइलची, सहा सेंटीमीटर व्यासाची एक चकती कापली, मधलं भोक वरच्या तुकड्याच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान. चकतीला कोपरा नको. कोपरा असला की तिथूनच ती सुटायला लागते. सगळं आधी कोरडं बसवून पेनाने खुणा केल्या.

मग पिशवीतली हवा काढून ती फळीवर सपाट ताणली. चिकटवायची प्रत्येक बाजू मेकने, म्हणजे मिथिल इथिल कीटोनने, पांढऱ्या सुती चिंधीने पुसली. रंगीत चिंधीचा रंग विनाइलवर उतरतो. पुसल्यावर पृष्ठभाग क्षणभर चिकट लागतो, पाच मिनिटं थांबलं की मोकळा होतो. खिडक्या उघड्या हव्यात, देवघरातला दिवा, गॅस, बिडी काही जवळ नको. नायट्राइलचे हातमोजे मेकपुढे फार वेळ टिकत नाहीत, मऊ पडले की लगेच बदलावेत. सिमेंटचा पहिला हात पातळ, दोन्ही बाजूंना, दहाएक मिनिटं वाळू दिला. दुसरा हात दिल्यावर बोटाची पाठ टेकवली तर ओढ जाणवावी पण गोंद बोटाला येऊ नये, तेवढं थांबून नळीचा तुकडा खाली सरकवला, पाकळ्या दाबल्या, वर चकती बसवली आणि मधून कडेकडे बोथट चमच्याने घोटत हवेचे फुगे काढले. सगळ्यात मेहनतीचा भाग यानंतरचा: २४ तास हात न लावणं, आणि ४८ तास हवा न भरणं. वरून वाळलेलं दिसतं तेव्हा आत सॉल्व्हंट असतो, आणि अशा वेळी भरलेली हवा जोडात बारीक बोगदा पाडते. नळी पिशवीच्या तोंडावर नसून कडेच्या जोडातून निघत असेल तर चकतीऐवजी लांबट पट्टी कडेवरून दुमडून दोन्ही बाजूंना चिकटवावी. बाकी रीत तीच.

तिसरी पिशवी कनूची, युरेथेनची. तिच्यात व्हॉल्व्हच्या बुडाची पसरट चकती एका बाजूने उचलली होती. विनाइलचं सिमेंट बाजूला ठेवून इथे ॲक्वासीलसारखा हवेतल्या ओलाव्याने घट्ट होणारा एकेरी युरेथेन गोंद वापरला. हाच गोंद मऊ विनाइलवर भरवशाने धरेलच असं नाही, म्हणून ज्योतीची परीक्षा आधी. उचललेली बाजू पुढे सोलून बघावी, जिथे ती खरोखर घट्ट आहे तिथे थांबावं. जुन्या गोंदाचे पापुद्रे काढावेत, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं, पूर्ण सुकू द्यावं. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या कापडाचा थर बऱ्याचदा आतल्या बाजूला असतो, बाहेर उघडं नायलॉन. उघड्या विणीत गोंद मुरायला हवा, म्हणून पहिला हात बोटाने चोळून द्यायचा. चकतीखाली भोक होतं, त्यातून पॉलिथिनचा तुकडा आत सरकवला. नाहीतर खाली गळालेला गोंद पिशवीचे दोन थर एकमेकांना कायमचे चिकटवतो. वर पॉलिथिन, त्यावर वाळूची छोटी पुरचुंडी ठेवून दिवसभर तसंच. पॉलिथिनला हा गोंद धरत नाही, दुसऱ्या दिवशी ते ओढून काढता येतं. शेवटी चकतीच्या कडेभोवती गोंदाची एक बारीक उतरती कड दिली, कारण सोलणं सुरू होतं ते कडेपासून.

या पिशवीला बॉस्टन व्हॉल्व्ह बसवावा का, हा विचार झाला होता. हवा भरायच्या नावांना आणि गाद्यांना असतो तो, मोठ्या तोंडाचा, आत रबरी पडदा असलेला. हवा झटकन निघते ही त्याची खरी सोय. पण त्याचा पाया बहुधा पीव्हीसीचा असतो आणि पिशवी युरेथेनची, म्हणजे दोन्हींना धरणारा दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंदच लागणार. उघड्या कनूत हा खटाटोप परवडतो. कायाकच्या मागच्या पिशवीला मात्र बॉस्टन लावू नये. तो पिशवीच्या अंगावर बसतो, आणि सीटच्या मागे तिथवर हात पोचत नाही.

कोकणात हवेचा प्रश्न वेगळाच. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि जून ते सप्टेंबरच्या हवेत त्या गार पृष्ठभागावर लगेच दव धरतं. गोंदावर दुधाळ पापुद्रा दिसला की समजावं, हा जोड गेला. पुसून पुन्हा सुरुवात. त्यामुळे विनाइलची कामं मेअखेरीपर्यंत उरकावीत, राहिलीच तर एसी चालू असलेल्या खोलीत करावीत, पण तिथेही हवा खेळती ठेवून. ॲक्वासीलच्या जातीचं उलट: दमट हवेत तो लवकर घट्ट होतो, पण उघडलेली नळीही त्याच वेगाने दगड होते. टोपी घट्ट लावून, हवाबंद पिशवीत घालून ती फ्रीझरमध्ये ठेवावी आणि वापरण्याआधी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

दुरुस्त पिशवी फक्त तोंडाने फुगवावी. माणसाच्या फुंकीचा जोर फार तर एक दशांश बारच्या आसपास. पिशवीला त्याहून बराच कमी पुरतो. राफ्टचा पंप लावला की कडेचे जोड उसवतात. नावेत बसवून मग फुगवावी, म्हणजे ती जागेचा आकार घेते. त्याआधी नावेच्या आतून हात फिरवून सीटच्या आणि हँडलच्या बोल्टची टोकं चाचपावीत. गाडीच्या टपावर उन्हात नाव जाणार असेल तर हवा निम्मी काढावी. २५ अंशांची हवा ६० ला गेली की तिला १२ टक्के जास्त जागा हवी असते. नळीचं टोक क्लिपने वर, पायांपासून लांब अडकवावं, नावेतून बाहेर पडताना ते पायात यायला नको. मोसम संपल्यावर पिशव्या व्हॉल्व्ह उघडे ठेवून सावलीत टांगाव्यात. घडी घालून माळ्यावर टाकल्या की घडीवर तडे जातात, आणि उंदीर विनाइल आवडीने कुरतडतात.

व्हॉल्व्ह नदीवरच गेला तर गोंद काढत बसू नये. ठिबकचा लॅटरल कॉक नळीत बसला तर तो एखादा दिवस निभावतो. पाण्यासाठी बनलेला असल्याने हवा हळूहळू सोडतो, मध्ये एकदा फुंकावं लागतं. तोही नसेल तर फुगवलेल्या पिशवीची नळी टोकापासून दोनदा उलट दुमडावी आणि जुन्या सायकल ट्यूबच्या कापलेल्या पट्टीने दुमड करकचून गुंडाळावी. नळी मऊ असेल तर ही बांधणी संध्याकाळपर्यंत हवा धरते. नळी कडक झालेली असेल तर दुमडीवर ती तडकेल, तिथे कॉकच लागेल.